घरच्या संगणकावरून थेट पाड्यावर

लोकलहोस्टवर कुठलीही साइट छानच चालते. १२७.०.०.१ म्हणजे संगणक स्वतःशीच बोलतोय. फोटो झटक्यात येतात, काही अडत नाही. म्हणून साइट अर्धवट असतानाच ती वापरणाऱ्याच्या मोबाइलवर उघडली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

घरातल्या घरात हे सोपं. सर्व्हर ०.०.०.० वर सुरू करायचा, फायरवॉलमध्ये पोर्टला परवानगी द्यायची आणि त्याच वायफायवरच्या मोबाइलमध्ये संगणकाचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकायचा. पण मी शहापूरला आणि बघणारी माणसं मुरबाड तालुक्यात. तिथे हा पत्ता कुचकामी. पूर्वी राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला की भागायचं. आता बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटतात. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात दिसला, की बाहेरून आत यायची वाट बंद समजायची. आयपीव्ही४चे पत्ते संपत आले म्हणून २०१२ साली हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवला गेला.

यावर उतारा टनेलचा. एनग्रॉक किंवा क्लाउडफ्लेअरचा टनेल आपल्याच संगणकातून बाहेर जोडणी करतो आणि त्याच जोडणीवरून पाहुणे आत येतात. मिळालेला पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, की झालं.

मुरबाडमधल्याच एका बचत गटासाठी भाताच्या बियाण्याची मागणी नोंदवायची साइट करत होतो. गटातल्या ताईंनी फोनवर बोलता बोलताच फॉर्म उघडला. "दादा, फ्लॅट नंबर काय लिहू? आमच्या पाड्यात घरांना नंबरच नाहीत." तयार साच्यातल्या त्या फॉर्मला इमारत आणि रस्ता भरल्याशिवाय पुढे जाऊच द्यायचं नव्हतं. मी ते रकाने काढून गाव, पाडा आणि जवळची खूण असे तीन ठेवले. फाइल सेव्ह केली, "आता पान परत उघडा" म्हटलं, आणि ताईंनी तिथल्या तिथे पहिली मागणी नोंदवली. या कामातला माझा सगळ्यात मोठा आनंद तो. आमच्याच तालुक्यात पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड गुरुजींनी डिजिटल शाळा उभी केली. पाड्यावर तंत्रज्ञान चालत नाही, असं मला कुणी सांगू नये.

टनेल चालू आहे तोवर पत्ता मिळेल त्या कुणालाही आत येता येतं, हे मात्र विसरू नका. डीबग बंद ठेवा, नाहीतर चूक झाली की कोडचे तुकडे पाहुण्याच्या पडद्यावर दिसतात. पासवर्ड लावा, लोकांचे खरे फोन नंबर चाचणीत घालू नका, आणि बोलणं संपलं की टनेल बंद करा.

साइट पक्की झाली की ती भाड्याच्या सर्व्हरवरच न्या. आमच्याकडे वळवाच्या पावसात लाइट जाते, आणि बियाण्याची मागणीही त्याच दिवसांत येते.