उथळ पाणी आणि एक लॅटिन विशेषण

विद्यार्थी मित्रांनो, आज आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या निबंधाच्या वहीत मी लाल शाईने शेरा मारला होता, 'विचार उथळ आहेत.' त्यानंतर तिने स्वतःहून एकही निबंध मला दाखवायला आणला नाही.

पुढे शब्दकोश चाळताना 'वदोसुस' हे लॅटिन विशेषण भेटलं. 'वदुम' म्हणजे नदीतली पायी ओलांडता येणारी उथळ जागा, आपण जिला 'उतार' म्हणतो ती. त्याला 'ओसुस' हा प्रत्यय लागला, की अर्थ होतो 'अशा जागा भरपूर असलेला'. आपल्याकडे 'रस'चं 'रसाळ' होतं ना, तसंच! आणि चांगला, चांगली, चांगले याप्रमाणे हे विशेषणही लिंगानुसार बदलतं : वदोसुस, वदोसा, वदोसुम.

आता उपयोग पाहू. व्हर्जिलने 'ईनिड' या महाकाव्यात वोल्तुर्नुस नदीला हे विशेषण लावलं आहे. ज्यूलियस सीझरने इ.स.पू. 49 मधल्या ब्रुंदिसियम बंदराच्या वेढ्याचं वर्णन करताना ते समुद्राला लावलं. बंदराच्या अरुंद तोंडाशी पाणी उथळ होतं, म्हणून त्याला दोन्ही किनाऱ्यांकडून भराव घालता आला. पुढे खोल पाण्यात मात्र तराफे जोडावे लागले.

गंमत बघा, ज्या पाण्यात नाव रुतते, त्याच पाण्यातून माणूस चालत पलीकडे जातो. लॅटिनमध्ये तर 'काम वदुममध्ये आलं' म्हणजे धोका टळला! आपल्याला मात्र उथळ म्हटलं की खळखळाटच आठवतो. संस्कृतात 'गाध' म्हणजे तळाला पाय लागेल असं पाणी. त्याच्या उलट 'अगाध'. आपण 'अगाध' जपला, 'गाध' विसरून गेलो.

त्या मुलीचे पाय नुकतेच तळाला लागले होते. तिथून ती पुढे गेली असती, पण माझ्या शेऱ्याने ती काठावर परतली. आता मी वहीत लिहितो, 'इथपर्यंत छान आलीस. असं का वाटतं, ते अजून दोन ओळींत सांग.'

मित्रांनो, तुमच्या गावाकडे नदी पायी ओलांडायच्या जागेला काय म्हणतात? आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून आणा.