पाव मिलिमीटर

माझ्या रायफलच्या सिलिंडरवर एक तारीख कोरलेली आहे, २०१६ सालातली. एअर रायफलमध्ये दाबाखालची हवा ज्या नळीत भरतात तो हा सिलिंडर. त्याचं आयुष्य बनवणाऱ्यानेच ठरवून दिलेलं असतं: दहा वर्षं. नंतर तो दिसायला कितीही ठणठणीत असो, मॅचला चालत नाही. म्हणजे २०२६ मध्ये एकतर नवा सिलिंडर घ्यायचा, नाहीतर रायफल पलंगाखाली ठेवून द्यायची. तशी ती तीन वर्षं पलंगाखालीच होती. मग या डिसेंबरात मी तिसरा पर्याय निवडला. पेटी उघडली, रायफल पुसली, खिडकीच्या उजेडात पाच फोटो काढले आणि आमच्या जुन्या क्लबच्या ग्रुपवर टाकले. 'विकणे आहे.'

तारखेचा फोटो मात्र टाकला नाही. हे आधीच सांगून टाकते.

डिसेंबर हा त्या ग्रुपवर निकालांचा महिना असतो. आमच्याकडे नेमबाजीचं वर्ष पिकासारखं चालतं. पावसाळ्यात जिल्हा आणि राज्य, दिवाळीच्या आगेमागे 'मावळणकर', आणि थंडीत दिल्लीला किंवा भोपाळला नॅशनल्स. मावळणकर म्हणजे दादासाहेब मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच. आता त्यांचं नाव एका स्पर्धेला आहे आणि क्लबातली पोरं 'माझी मावळणकर झाली', 'माझी राहिली' असं त्यांना थेट क्रियापदालाच जोडून टाकतात. त्या माणसाने कायदेमंडळं चालवली, आणि आमच्या लेखी ते एक गाळणी आहेत.

गाळणी म्हणण्याचं कारण असं, की या खेळात बराच काळ तुम्ही कुणाला हरवत नसता. एक आकडा ठरलेला असतो, तो गाठला तर पुढे. शेजारच्या लेनवरची मुलगी तुमची शत्रू नाही, तिच्याकडे बघायचंसुद्धा नसतं. त्यामुळे हरल्यावर राग काढायला समोर माणूस नसतो. आकडा असतो. माझा ०.७ आहे.

ते ०.७ समजायला लक्ष्य समजून घ्यावं लागेल. दहा मीटरवर एक लक्ष्य. त्याच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. तो 'दहा'. तो उभं राहून दिसत नाही. दिसतं ते फक्त काळं वर्तुळ, आणि ते वर्तुळ पुढच्या साइटच्या कड्यात बरोबर मधोमध बसवायचं असतं. पेलेट साडेचार मिलिमीटरचं, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट जाड. दहाच्या आतही पुन्हा दहा भाग आहेत: १०.०, १०.१ असं करत १०.९ पर्यंत. एका भागाचा फरक पाव मिलिमीटर. साठ शॉट्स, पंच्याहत्तर मिनिटं. साठही अगदी केंद्रात बसले तर ६५४. दर शॉटला सरासरी १०.५ मारणारी मुलगी ६३० वर जाते आणि पेपरात येते. १०.२ मारणारी ६१२ वर राहते आणि निकालाच्या पीडीएफमध्ये बऱ्याच खालच्या पानावर सापडते. दोघींत शॉटमागे पाऊण मिलिमीटर. नखाची जाडी असते जेमतेम तेवढीच.

मी बारावीपर्यंत कोल्हापुरात होते. २०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आमच्या गावची मुलगी जगात पहिली येते म्हणजे काय, हे कळायचं ते वय. राही सरनोबतचं नावही घरोघरी होतं. त्यामुळे मला रायफल धरायची आहे म्हटल्यावर घरात कुणी 'मुलीच्या जातीला' वगैरे काढलं नाही. काढला तो खर्च. पप्पा साखर कारखान्यात क्लार्क. दोन वर्षं क्लबच्या रायफलवर काढली. ती रायफल सहा जणांत फिरायची आणि प्रत्येक जण आपल्या गालाच्या उंचीप्रमाणे पट्टी वरखाली करायचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पप्पांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. रायफल जर्मनीहून आली, दोन लाखांच्या वर गेली. आईने तिला हळदकुंकू लावलं आणि मग कपाळाला हात लावून म्हणाली, एवढ्यात म्हैस आली असती की दोन.

नवीन रायफल हातात आली आणि नियम बदलले. २०१८ पर्यंत मुलींची मॅच ४० शॉट्सची असायची, मुलग्यांची ६०. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० मारले होते, तो चाळीस शॉट्सचाच जमाना. मग मुलींनाही साठ झाले. तत्त्व म्हणून मला ते पटतं, अगदी शंभर टक्के. पण चाळिसाव्या शॉटनंतर पाठीच्या खालच्या भागात जी कळ यायची तिला हे तत्त्व माहीत नव्हतं. कॅनव्हासचं ताठ जॅकेट, पाच किलोंची रायफल, डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेला आणि धड मागे वाकलेलं. हा खेळ बघणाऱ्याला वाटतं, नुसतं उभं तर राहायचंय.

आता तो ०.७. साल सांगत नाही. मावळणकरची मॅच, पुढे नॅशनल्स. पन्नास शॉट्स झाले होते. शेजारी स्क्रीन असते, प्रत्येक शॉट आणि बेरीज दाखवणारी. आमचे सर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: हिशोब मॅच संपल्यावर. मी पन्नासाव्या शॉटनंतर रायफल स्टँडवर टेकवली, पाणी प्यायले आणि हिशोब केला. शेवटच्या दहात १०२.४ हवे होते. म्हणजे १०.२४ ची सरासरी. म्हणजे माझ्यासाठी काहीच अवघड नाही. एवढी वजाबाकी आणि भागाकार करायला मला तीन सेकंद लागले असतील, पण त्यानंतरचे दहा शॉट्स मी लक्ष्यावर मारले नाहीत, त्या भागाकारावर मारले. १०.४ आला की 'दोन शिल्लक', ९.८ आला की 'चार उधार'. बेरीज झाली १०१.७. सात शॉट्स प्रत्येकी पाव मिलिमीटर आत गेले असते तरी भागलं असतं.

गंमत म्हणजे पुढे मला नोकरी लागली ती याच हिशोबाची. हिंजवडीत मी दिवसभर आकड्यांचे डॅशबोर्ड बांधते. कुठला आलेख किती टक्के घसरला, हे लोकांना तासातासाला कळावं म्हणून पगार घेते. पहिल्या दीड वर्षाच्या पगारातून पप्पांचं कर्ज फेडलं. सकाळी सहाला बालेवाडीच्या रेंजवर जायचं, साडेनऊला कॉलवर, असं काही महिने केलं. मग ऑन-कॉलची पाळी आली. मग प्रोजेक्ट बदलला. एक सीझन चुकला, दुसरा चुकला. कुणी जबरदस्तीने सोडायला लावलं असतं तर निदान सांगायला गोष्ट झाली असती. तसं काही झालं नाही. तरी कुणी विचारलं तर मी 'शूटिंग करते' असंच म्हणायचे, वर्तमानकाळात.

१ ऑगस्ट २०२४ ला दुपारी एक वाजता मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत फोन घेऊन उभी होते. पॅरिस, ५० मीटर थ्री पोझिशन्सची फायनल. स्वप्नील कुसळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, २०१५ पासून मध्य रेल्वेत, टीसी. पात्रता फेरीत ५९० मारून सातवा आला होता. तीनच दिवस आधी अर्जुन बबुता दहा मीटरच्या फायनलमध्ये चौथा येऊन बाहेर पडलेला, त्यामुळे माझा जीव आधीच टांगणीला. गुडघ्यावरच्या फेरीत स्वप्नील मागे होता. मला आठवत होती हांगझोची एशियन गेम्स. तिथे हा आघाडीवर होता आणि उभ्याने मारताना एक ७.६ गेला. एक शॉट, आणि पहिल्यावरून चौथा. असा शॉट डोक्यात घेऊन माणूस पुन्हा उभा कसा राहतो, मला तेवढंच बघायचं होतं. तो उभा राहिला. एकेक करून लोक बाद होत गेले आणि हा वर सरकत गेला. ४५१.४, कांस्य. खाशाबा जाधवांनंतर, १९५२ नंतर, महाराष्ट्राचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पाच दिवसांनी तो २९ वर्षांचा होणार होता.

पॅन्ट्रीत टाळ्या वाजल्या. टीममधला एक जण म्हणाला, तू पण हेच करायचीस ना? मी म्हटलं, नाही रे, त्याचं पन्नास मीटर, माझं दहा. उत्तर बरोबर होतं. पण तो 'करायचीस' म्हणाला होता, आणि मी दुरुस्त केलं ते अंतर.

फोटो टाकल्यानंतर चौथ्या दिवशी तासगावहून फोन आला. रविवारी बाप-लेक घरी आले. मुलगी नववीत, वेणी घट्ट, बोलणं कमी. क्लबच्या रायफलवर ओपन साइटमध्ये राज्यापर्यंत गेलेली, आता पीप साइटवर यायचं होतं. वडिलांची द्राक्षबाग. ते खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, निम्मे आत्ता देतो मॅडम, निम्मे माल गेल्यावर, मार्च-एप्रिलात. यंदा पावसाने घड कमी धरलेत. मी हो म्हटलं. त्यांच्या सीझनचा आणि माझ्या सीझनचा हिशोब एकाच टेबलावर आलेला.

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर मुलीने रायफल मांडीवर आडवी घेतली होती आणि सिलिंडर फिरवून बघत होती.

"ताई, हे पुढच्या वर्षी संपतंय ना?"

वडिलांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला म्हणता आलं असतं की सांगणारच होते. खरं म्हणजे मला नक्की माहीत नाही, सांगणार होते की नाही. 'हो' म्हटलं, आणि नव्या सिलिंडरची किंमत ठरलेल्या रकमेतून वजा केली. वडील म्हणाले, निम्मी धरू. मुलगी म्हणाली, नको पप्पा, पूर्ण. तिचं बरोबर होतं. पूर्ण वजा केली.

मग तिला उभं केलं. माझं जॅकेट तिला होणार नव्हतं, ते मापाने शिवलेलं असतं, दुसऱ्याला सहसा होत नाही. तसंच, साध्या स्वेटरवर, भिंतीवरच्या स्विचकडे तोंड करून. गालाच्या पट्टीवर मी बॉलपेनने रेघ मारून ठेवलेली होती, माझ्या उंचीची. ती दोन बोटं खाली घेतली. तिने पाय मांडले, कोपर कमरेत रोवला, श्वास सोडला. थांबली. ट्रिगरला बोट लावलंच नाही, रायफल खाली घेतली आणि पाय पुन्हा मांडले. जमलं नाही तर सोडून द्यायचं आणि परत सुरुवात करायची, हे मला शिकायला चार वर्षं लागली होती.

उरलेले पेलेटचे तीन डबे मी तसेच देऊन टाकले. एक फुटलेला होता, साधारण अर्धा.

रात्री पप्पांना फोन केला. गेली म्हणून सांगितलं, किती वजा केले तेही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागे टीव्हीचा आवाज येत होता.

मग म्हणाले, "पोरगी उभी कशी राहतीय?"

मी सांगायला लागले.