दोन मिनिटांची सबब

‘भोंगा ऐकूच नाही आला, भाऊ.’ ‘कापसाची गाडी काट्यावर होती, मधात कशी थांबवू?’ ‘वरून पत्रच नाही आलं.’ ३० जानेवारीला दुपारी वर्ध्याच्या बाजारात मिळालेली ही उत्तरं अजून डोक्यातून जात नाहीत. दुकानं चालू राहिली याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते खोट्याचं. सकाळी ११ वाजता काम आणि हालचाल थांबवून हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं मौन पाळावं, ही सूचना देशभर लागू आहे. भोंगा नसला तरी वेळ तीच. आणि ११ वाजल्याचं आज कुणाला कळत नाही?

जनाची नाही तर मनाची तरी, असं आपण म्हणतो. या म्हणीत एक क्रम आपण धरूनच चालतो. लोकलाज वरवरची, सहज सुटणारी. मनाची लाज आतली, शेवटपर्यंत टिकणारी. बाजारात मला उलटं दिसलं. मनाला काही टोचलं नव्हतं, पण मी विचारताच नजर खाली गेली आणि कारण पुढे आलं. म्हणजे जनाची शिल्लक होती. एखादा सरळ म्हणाला असता, ‘मला गांधी पटत नाहीत, मी थांबणार नाही,’ तर त्याच्याकडे जनाची नसती, मनाची असती. या दोघांपैकी शेजारी कोण असावा? आधी मी झटकन दुसऱ्याचं नाव घेतलं असतं. आता घेववत नाही. सबब सांगणाऱ्याला निदान एवढं ठाऊक आहे की इथे थांबायला हवं होतं. आणि तिसरा? शेजारचा उभा राहिला म्हणून जो उभा राहिला, त्याचं मौन आणि पहिल्याची सबब एकाच ठिकाणाहून आलेली नाहीत का?

या प्रश्नापाशी मला सेवाग्रामचे प्रा. भणसाळी आठवतात. मौन मोडू नये म्हणून या माणसाने एकेकाळी स्वतःचे ओठ तांब्याच्या तारेने शिवून घेतले होते. ते कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दाखवायचंही नव्हतं. ती निव्वळ मनाची. पुढे १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, आपल्या जिल्ह्यात आष्टीला आणि तिकडे चिमूरला गोळीबार झाले. चिमूरला त्यानंतर बायकांवर अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून भणसाळींनी ६३ दिवस उपोषण केलं. हे उपोषण मात्र जनासाठी होतं. राज्यकर्त्यांना लोकांसमोर लाज वाटावी, हाच त्याचा आधार. सरकारलाही ते कळलं, म्हणून बातमी छापायलाच बंदी आली. तेव्हा ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी हरताळ पाळून अंक काढला नाही. वर्तमानपत्र हाही धंदाच. कागदाचं बिल, जाहिराती, पगार त्यांनाही चुकत नव्हते. मालकांपैकी किती जण मनापासून थांबले आणि किती जण बाकीचे थांबले म्हणून थांबले, हे मला कसं कळणार? अंक निघाले नाहीत, आणि चिमूरच्या बायकांसाठी त्या दिवशी एवढंच महत्त्वाचं होतं. तसं असेल, तर मनाचा शोध घेत बाजारात फिरण्याचा मला काय अधिकार?

एका उत्तराने मात्र मला अजून सोडलेलं नाही. एक व्यापारी म्हणाले, ‘गांधीजींना कामच आवडायचं. आम्ही काम करत होतो.’ तीही सबबच होती, पण तिच्यात खरं आहे. पवनारला धाम नदीत गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. तिथे १२ फेब्रुवारीच्या सर्वोदय मेळ्यात लोक स्वतः कातलेल्या सुताची गुंडी वाहतात, तिला सूतांजली म्हणतात. ती श्रद्धांजली हात थांबवून नव्हे, हात चालवून तयार होते. आणि १९१९ च्या हरताळाच्या वेळी खुद्द गांधीजींनी सांगितलं होतं की कामगारांनी मालकाची परवानगी असेल तरच काम थांबवावं. दुकान जबरदस्तीने बंद झालेलं त्यांना चाललं नसतं. खोट्या कारणाने चालू राहिलेलंही चाललं नसतं, असं मी ठामपणे म्हणणार होतो. पण कामाचं नाव पुढे करून कापसाचा काटा चालवणाऱ्या त्या माणसाला गांधीजींनी काय म्हटलं असतं, ते मला सांगता येत नाही. तो सूत कातत नव्हता, एवढंच मी पाहिलं.

व्यापारी बंधूंना एकच विनंती आहे. पुढच्या ३० जानेवारीला गाडी काट्यावर असेल तर काटा चालू ठेवा. कुणी विचारलं, तर ‘थांबलो नाही’ एवढंच सांगा. ते ऐकून आम्हाला राग येईल, कदाचित आजच्यापेक्षा जास्त येईल, पण तो आम्ही सोसू.