गंठण गहाण ठेवण्याआधी

परवा रात्री साडेनऊला एका रिक्षावाल्या मित्राचा फोन. "दादा, पोरीला पिस्तूल घ्यायचंय. हिचं गंठण सोनेतारणाला लावतोय उद्या. कुठलं घेऊ तेवढं सांगा." पोरगी आठवीत आहे, रेंजवर जायला लागून महिना झाला असेल. म्हटलं, किती पैसे काढतोयस? तर म्हणतो, "तुम्हीच लिहिलं होतं की, दीड-पावणेदोन लाख लागतात."

लिहिलं होतं, खरंय. पॅरिसनंतर मनू भाकरचं पिस्तूल कोटीचं आहे अशी आवई उठली होती. मग तिनंच खुलासा केला की किंमत दीड लाख ते एक लाख पंच्याऐंशी हजारांच्या आसपास आहे. मी तोच आकडा उचलून बातमीच्या मथळ्यात टाकला. ते पिस्तूल ऑलिम्पिकला जाणाऱ्या मुलीचं आहे, महिनाभर नेम शिकलेल्या मुलीचं नव्हे, हे वाक्य घालायचं राहून गेलं. म्हणून आज हे सविस्तर. कारण असे फोन मला गेल्या वर्षभरात बरेच आले, आणि प्रत्येक वेळी मी घाईत काहीतरी उत्तर दिलंय.

मित्रानं आवाज खाली आणून विचारलं, "लायसन काढावं लागतं का हो?" ४.५ मिलिमीटर नळीचं आणि २० जूलच्या आतलं एअर पिस्तूल असेल तर लागत नाही. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेतो, पक्की पावती मागून घ्यायची. पण आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्यातलं पिस्तूल पॉइंट टू टूचं. ते बंदुकीतच मोडतं. त्याला परवाना, कलेक्टर कचेरी, पोलीस पडताळणी सगळं आलं. नवशिक्यानं त्या वाटेला जायचं कारणच नाही. आणि परवाना नको म्हणजे खेळणं नव्हे. डोळा जाऊ शकतो. गच्चीवरून माकडं हाकलायला हे घेणाऱ्यांनी मला फोन करू नये.

आता माझी फजिती. दोन वर्षांपूर्वी एका बातमीसाठी रेंजवर गेलो, दहा छर्रे मारले आणि नाद लागला. चाळिशी उलटल्यावर तास-दीड तास मोबाइल न बघता उभं राहता येतं, हे सुख मोठं. लगेच शहरात जाऊन सहा-सात हजारांचं स्प्रिंगवालं पिस्तूल आणलं. नळी मोडून ताणायची, छर्रा घालायचा, चाप ओढायचा. घरी आल्यावर कळलं की प्रत्येक छर्ऱ्याला ती स्प्रिंग जोर लावून ताणावी लागते, विसाव्या छर्ऱ्याला मनगट भरून येतं. शिवाय चाप ओढला की आतली स्प्रिंग धाडकन पुढे येते आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच हात हलतो. म्हणजे चूक माझी की पिस्तुलाची, हेच कळेना. शिकणाऱ्याला याहून वाईट काय? ते आता कपाटावर पडून आहे. स्वस्त म्हणून घेतलं आणि सगळ्यात महाग पडलं.

स्पर्धेतली पिस्तुलं दाबलेल्या हवेवर चालतात. नळीखाली छोटं सिलिंडर असतं, साधारण २०० बारपर्यंत हवा भरायची. झटका जवळजवळ नाही. पण दुकानात जायच्या आधी विचारायचा प्रश्न हा, की हवा भरणार कुठे? हातपंपानं भरता येते, घाम निघतो. दुसरं म्हणजे सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. दहा वर्षांपेक्षा जुनं सिलिंडर आंतरराष्ट्रीय नियमात चालत नाही. जुनं पिस्तूल घेण्यात कमीपणा काही नाही, उलट पहिलं तसंच घ्यावं असं माझं मत आहे. फक्त ती तारीख वाचून घ्या. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी न वाचता घेतलं, आता नव्या सिलिंडरसाठी खेटे घालतायत.

बॅटरीवर चालणाऱ्या चापाच्या मोहात पडू नका. टोकियोत मनूच्या पिस्तुलाचा तोच इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला आणि मोलाची मिनिटं गेली. तिच्यासोबत दुरुस्त करणारी माणसं तरी होती. आपल्या गावात कोण आहे?

आणि सगळ्यात महत्त्वाची मूठ. पिस्तूल एका हातात, कशाचाही आधार न घेता धरायचं असतं. नियमानं वजन दीड किलोपर्यंत चालतं, बहुतेक पिस्तुलं किलोच्या आसपास. साठ छर्रे, सव्वा तास. लाकडी मूठ हाताच्या मापाची नसली की वीस छर्ऱ्यांनंतर बोटं खोटं बोलायला लागतात. चपलेचं माप घेतो तसं हाताचं माप घ्यावं लागतं, आणि ते फोनवर होत नाही. उरलेले पैसे छर्ऱ्यांना ठेवा. पाचशेचा डबा बघता बघता संपतो. शिसं असतं, घरी आल्यावर पोरांना हात धुवायला लावा.

खरं तर पहिले सहा महिने विकत घ्यायची गरजच पडू नये. आमच्या रेंजवर क्लबची दोन पिस्तुलं आहेत. दोन्ही चालू आहेत, फक्त हवा नाही. कॉम्प्रेसर कितीतरी महिन्यांपासून बंद. दुरुस्तीचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतोय. स्वप्नील कुसाळेला १ ऑगस्ट २०२४ ला कांस्य मिळालं (रायफलमध्ये हं, पिस्तुलात नाही), त्या आठवड्यात आमच्या चौकात अभिनंदनाचे किती फ्लेक्स लागले होते ते मी मोजले नाहीत. पण त्यातल्या प्रत्येकावर स्वप्नीलपेक्षा नेत्यांचे फोटो मोठे होते. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाचा मुलगा. क्रीडा प्रबोधिनीतून, म्हणजे सरकारी योजनेतून वर आला. हे फ्लेक्सवर कुणी लिहिलं नाही. मी तरी कुठे लिहिलं? मी पिस्तुलाची किंमत लिहिली.

काल संध्याकाळी मित्र पोरीला घेऊन रेंजवर आला. क्लबचं रिकामं पिस्तूल तिच्या हातात दिलं. तिनं ते उजव्या हातात घेतलं, जरा चुळबुळली, मग हळूच डाव्यात घेतलं. बाप बघतच राहिला. "अगं, तू डावरी आहेस ते माझ्या ध्यानातच नाही!" दुकानात त्यानं जे सांगून ठेवलं होतं, त्याची मूठ उजव्या हाताची होती.

गंठण अजून वहिनींच्या गळ्यात आहे. पोरगी घरी रिकाम्या हातानं भिंतीसमोर दंड सरळ करून उभी राहते, रोज वीस मिनिटं.

कॉम्प्रेसरच्या अर्जाला पालकांच्या सह्या जोडायच्या आहेत. सोमवारी संध्याकाळी सहाला रेंजवर बसतोय. ज्यांची पोरं येतात त्यांनी यावं, पेन मी आणतो.