दंडारीच्या फायली

5 नोव्हेंबर 2024, देवरी

मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे दिवस. काल शेजारच्या गावात दंडार, हे आमच्याकडचे लोकनाट्य, पहाटेपर्यंत चालली. 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, दोन चॅनेल असे वेव्ह मुद्रण तासाला साधारण 1 जीबी जागा खाते. 4 जीबीच्या पुढे ही फाईल वाढूच शकत नाही, म्हणून रेकॉर्डर ती मध्येच तोडतो.

हे सगळे नागपूरच्या मॅडमना अभ्यासासाठी पाठवायचे आहे आणि इथेही जपायचे आहे. वडशाच्या नाटक मंडळ्यांची निदान पोस्टरे तरी छापली जातात. दंडार मात्र अजून गळ्यातच आहे, आणि गाणारे म्हातारे होत चाललेत. त्यामुळे यातला एक बिटही मला गमवायचा नाही.

7 नोव्हेंबर

वेव्ह फाईल झिप केली, फारशी आटली नाही. लेम्पेल आणि झिव्ह यांनी 1977 साली मांडलेली रीत झिपच्या मुळाशी आहे: आधी येऊन गेलेला बाइटांचा क्रम पुन्हा आला, की तो न लिहिता मागचा पत्ता द्यायचा. ढोलकीचा तोच बोल दुसऱ्यांदा पडला तर कानाला तोच वाटतो, आकड्यांत तो तोच नसतो. फ्लॅकची चाल वेगळी. मागच्या आकड्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा आणि चुकलेला फरक तेवढा लिहायचा. फाईल निम्म्याच्या आसपास आली, आणि उलगडली की मूळ ध्वनी जसाच्या तसा. 2001 पासूनची ही पद्धत सगळ्यांना खुली आहे.

मोबाइलवरचे फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यांना झिप करून काही हाती लागत नाही. उतरवून घेतलेली गाणी मात्र झपाट्याने आटली. युनिकोडच्या यूटीएफ-8 रूपात प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे, आणि त्यातले पहिले दोन जवळपास नेहमी तेच ते.

10 नोव्हेंबर

आज सॉफ्टवेअर ठरवले. सेव्हन-झिप: इगोर पावलोव्ह यांचे, 1999 पासून फुकट आणि खुले. त्याचे स्वतःचे सेव्हन-झेड स्वरूप सहसा झिपपेक्षा घट्ट बांधते. पण नेहमीच्या मांडणीत ते अनेक फायली एकाच सलग प्रवाहात गुंफते. मध्ये कुठे बिघाड झाला, तर त्यापुढचेही हातचे जाऊ शकते. जपणुकीला हे मला चालणार नाही. रार या दुसऱ्या स्वरूपात दुरुस्तीची नोंद जोडता येते, हा त्याचा मोठा गुण. पण ते बनवायला विनरारचा परवाना विकत घ्यावा लागतो. शिवाय विनरारमधली 2023 ची गंभीर सुरक्षा त्रुटी 6.23 आवृत्तीत दुरुस्त झाली, तरी जुनी आवृत्ती अजून कितीतरी संगणकांवर तशीच असेल.

म्हणून सेव्हन-झिप वापरायचे, पण त्यातून बनवायची साधी झिप. फिल कॅट्झ यांनी 1989 मध्ये तिचा आराखडा जाहीर करून टाकला, त्यामुळे ती आज कुठेही उघडते. दंडारीतल्या आजोबांनी विचारले होते, “बाबू, नातवाच्या मोबाइलवर वाजंल का?” अँड्रॉइड फोनवर झिपही उघडते आणि फ्लॅकही वाजते. माझ्या लेखी हे सर्वात वजनदार कारण.

एका बाईंची मुलाखत तेवढी वेगळी. त्या बाईंनी घरातल्या गोष्टी विश्वासाने सांगितल्या आहेत. झिपची जुनी पासवर्ड पद्धत कच्ची आहे, म्हणून ही मुलाखत एकटी एईएस-256 च्या कुलपात, सेव्हन-झेडमध्ये, फायलींची नावेसुद्धा झाकून. पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्याच हाती दिला.

12 नोव्हेंबर

देवनागरी नावे जुन्या प्रोग्रॅममध्ये अजूनही चौकोन होऊन बसतात. झिपमध्ये यूटीएफ-8 ची खूण 2006 मध्ये आली, पण ती सगळेच पाळतात असे नाही. म्हणून फाईलच्या नावात तारीख आणि क्रमांक पुरे. गाण्याची ओळ, गाणाऱ्याचे नाव आणि गाव आतल्या मजकूर फाईलमध्ये.

15 नोव्हेंबर

मोठ्या झिपचे तुकडे करून पाठवायची सूचना आली होती. एक तुकडा हरवला तर पूर्ण संच अडकतो, म्हणून मी एका प्रवेशाची एक झिप केली, आणि फ्लॅक आधीच दाबलेले असल्याने ती न आटवता नुसती बांधली. पोचल्यावर ताळा करता यावा म्हणून प्रत्येकीचा एसएचए-256 आकडा यादीत लिहिला. इथल्या नेटवर एवढा डेटा चढवण्यापेक्षा हार्ड डिस्क नागपूरला धाडणे शहाणपणाचे. 4 जीबीपेक्षा मोठी फाईल फॅट-32 ला पेलत नाही, म्हणून डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली.

18 नोव्हेंबर

मॅडमचा फोन. सगळे आकडे यादीशी जुळले. आता मूळ वेव्ह पुसायच्या का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो. दुसरी प्रत आमगावच्या मित्राकडे पोचेपर्यंत त्या राहू देत.