जुना ट्रॅक्टर घरांत येतांना

जुनें यंत्र विकत घेणारास दोन प्रकारचें ज्ञान लागतें: एक यंत्राचें आणि दुसरें स्वतःच्या गरजेचें. पहिलें आपणांपाशीं नाहीं हें बहुतेक लोक मोकळ्या मनानें कबूल करितात. दुसरें नाहीं हें मात्र सहसा कोणी कबूल करीत नाहीं. आम्हीहि त्याच पंथाचे होतों. आमचे डोळे कसे उघडले, तें येथें सांगावयाचें आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांत आमची वडिलोपार्जित चार एकरांची बाग आहे. खालच्या अंगास हापुसाचीं कलमें, वरच्या अंगास काजू, आणि भोंवतीं जांभ्या दगडांचा गडगा. कोंकणच्या पावसांत कलमांखालीं जें गवत माजतें तें श्रावणांत कमरेस लागतें, कार्तिकांत पिवळें पडतें, आणि फाल्गुनांत एका ठिणगीची वाट पाहत उभें राहतें. २०२४ सालीं ती ठिणगी पडली. शेजारच्या सड्यावरून वणवा आला आणि एका दुपारींत आमचीं एकवीस कलमें होरपळलीं. वडिलांनीं स्वतः खड्डे खणून लावलेलीं तीं झाडें पहावयास आई दुसऱ्या दिवशीं बागेंत गेली, आणि कांहीं न बोलतां परत आली.

गवत काढणारे आमचे जुने गडी आतां थकले आहेत. त्यांचीं मुलें मुंबईस नोकऱ्या करितात, आणि त्यांनीं विळा धरावा असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, कारण आमचीं मुलें तरी तेंच करितात. खांद्यास अडकवावयाचें कापणीयंत्र आणून पाहिलें. परंतु एक माणूस दिवसभर राबला तरी चार एकरांचा अंत लागेना. तेव्हां घरांत बैठक बसली आणि असें ठरलें कीं, माजघराच्या छपरासाठीं बाजूस ठेवलेल्या अडीच लक्ष रुपयांत एखादा जुना ट्रॅक्टर घ्यावा. छप्पर एक पावसाळा थांबेल, वणवा थांबणार नाहीं, असें आईनेंच सांगितलें.

आम्हीं पहिल्यानें पसंत केला तो पंचेचाळीस अश्वशक्तीचा होता. त्याच किंमतींत दुप्पट ताकद मिळते, मग लहान कां घ्यावा, असा आमचा युक्तिवाद होता. वडील बंधू अण्णा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं एक वेळूची काठी घेतली, त्या ट्रॅक्टरच्या रुंदीची व उंचीची तिच्यावर खूण केली, आणि आम्हांस घेऊन बाग फिरले. गडग्याच्या बेड्यांतून ती काठी आडवी जाईना, आणि जुन्या कलमांच्या खालच्या फांद्यांखालून उभी जाईना. आमचा युक्तिवाद तेथेंच संपला.

गवत कापण्यास ताकद तरी किती लागते? ट्रॅक्टरच्या मागें जोडावयाचें फिरत्या पात्यांचें यंत्र, ज्यास स्लॅशर म्हणतात, त्यास पात्याच्या दर फूट रुंदीमागें सुमारें पांच अश्वशक्ति लागते, असा व्यवहारांतला ठोकताळा आहे. मागच्या दांड्यावर येणारी शक्ति इंजिनाच्या शक्तीहून थोडी कमीच असते. म्हणजे अठरा ते वीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरास तीन फुटांचें स्लॅशर पुरे. आम्हांस लागत होतें तें एवढेंच.

त्यानंतर जो लहान ट्रॅक्टर पहावयास गेलों तो नवरदेवासारखा सजला होता. रंग ताजा, टायर काळेभोर, आणि तासांचा मीटर अवघे सातशें दाखवीत होता. विक्रेत्यानें चावी फिरवितांच इंजिन सुरू झालें. आम्ही बयाणा देण्यास खिशांत हात घालणार, तोंच कॉलेजांत शिकणारा आमचा पुतण्या हळूच म्हणाला, "काका, आपण येण्यापूर्वींच बॉनेट गरम होतें. मीं हात लावून पाहिलें." जुन्या इंजिनाची खरी परीक्षा तें थंड असतांना होते, ऊन असतां तें आपलें दुखणें लपवितें. मग आम्हीं खालीं वाकून पाहिलें. क्लचच्या पायटीवरचें रबर झिजून गुळगुळीत झालें होतें. तें सातशें तासांत होणारें नव्हे. तेलाची पट्टी बाहेर काढली तों तिला ताकासारखा पांढुरका फेस. डिझेल इंजिनाचें तेल काळें असलें तर त्यांत कांहीं वावगें नाहीं, परंतु पांढुरकें दिसलें म्हणजे तेलांत पाणी शिरलें असें समजावें. आम्ही नमस्कार करून निघालों.

तिसरा ट्रॅक्टर एका वृद्ध बागायतदारांचा होता. रंग उडालेला, एक दिवा फुटका. त्यांनीं आदल्या दिवसापासून इंजिनास हातहि लावला नव्हता. सुरू होतांना पांढरट धूर आला, पण इंजिन तापल्यावर तो निवळला. निळा धूर टिकून राहता तर तेल जळत आहे, आणि काळा राहता तर हवा कमी पडत आहे किंवा इंधन जास्त जात आहे, असें समजलें असतें. अण्णांनीं मागचें स्लॅशर उचलावयास सांगितलें, इंजिन बंद करविलें, आणि घड्याळाकडे पाहत उभे राहिले. स्लॅशर हळूहळू खालीं आलें. तोंच ते गृहस्थ स्वतः होऊन म्हणाले, "हायड्रॉलिकचें सील गेलेलें आहे. तें बदलावें लागेल. तेवढे पैसे मी कमी घेतों." जो मनुष्य आपल्या वस्तूचा दोष न विचारतां सांगतो, त्याच्या इतर शब्दांवर विश्वास ठेवावयास हरकत नाहीं.

तरीहि कागद पाहिलेच. नोंदणीपुस्तकावर बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज फिटलें होतें, पण नोंद काढावयाची राहिली होती. बँकेचें ना-हरकत पत्र व ३५ क्रमांकाचा नमुना देऊन ती काढविली, मग २९ व ३० क्रमांकांच्या नमुन्यांनीं मालकी बदलली, आणि त्यानंतरच पूर्ण रक्कम दिली.

सौदा ठरला त्या रात्रीं आम्ही जेवतांना मोठ्या उत्साहानें सर्व वर्णन करीत होतों. वाढतां वाढतां वहिनी थांबल्या. "भाऊजी, सगळें तपासलेंत. पण आपली बाग उताराची. चालविणार माझा मुलगा. तो ट्रॅक्टर उलटला तर?"

पानावर बसलेल्या आम्हां तिघां पुरुषांपैकीं हा प्रश्न कोणासहि सुचला नव्हता, हें लिहितांना आम्हांस लाज वाटते. त्या ट्रॅक्टरास आसनामागें दुमडणारी लोखंडी कमान होती, पण ती फांद्यांना लागते म्हणून कायमची पाडून ठेवलेली, आणि पट्टा उंदरांनीं कुरतडलेला. आम्हीं कंपनीचाच नवा पट्टा बसविला. आतां नियम असा कीं, उतारावर कमान उभी आणि पट्टा बांधलेला. फांद्यांखालीं सपाटीवर कमान पाडावी लागली तर पट्टाहि सोडावयाचा, कारण त्या वेळीं बांधलेला पट्टा माणसास यंत्राखालींच अडकवून ठेवील. उतार आडवा कापावयाचा नाहीं, आणि दळ्याच्या कडेस जावयाचें नाहीं. तो भाग अजून खांद्यावरच्या यंत्रानें किंवा विळ्यानेंच निघतो.

दुसरा नियमहि वहिनींचाच. ट्रॅक्टरकडून स्लॅशरकडे जाणारा दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. साडीचा पदर किंवा धोतराचा सोगा त्यांत सांपडला तर ओरडण्यासहि अवकाश मिळत नाहीं. त्या दांड्यावरचें आवरण फुटलेलें होतें. तें बदलल्यावांचून यंत्र बागेंत न्यावयाचें नाहीं असें त्यांनीं बजाविलें. दुरुस्तीचा खर्च वाढला, आणि माजघराचें छप्पर आणखी थोडें लांबलें.

२०२५ च्या कार्तिकांत पहिली कापणी झाली. गडग्याच्या आंतून चोहोंकडे पंधरा फुटांचा पट्टा गवतरहित केला आणि कापलेलें गवत कलमांच्या बुंध्यांपासून दूर नेलें. दर दोन तासांनीं थांबून पुतण्या रेडिएटरच्या जाळींतील गवताचा भुसा काढी. तो सांचला तर इंजिन तापतें, हें त्यास त्या वृद्ध गृहस्थांनींच शिकविलें होतें.

संध्याकाळीं आई काठी टेकीत बागेंत आली. जळलेल्या एकवीसांपैकीं सहा कलमांस बुडापाशीं नवी फूट आली होती. आम्ही आनंदानें ती दाखवूं लागलों. आईनें वाकून पाहिलें आणि म्हणाली, "ही फूट कलमाच्या जोडाच्या खालची आहे रे. हिला हापूस लागणार नाहीं. पण मूळ जिवंत आहे. पुढच्या पावसाळ्यांत ह्यावर नवें कलम बांधा."

ट्रॅक्टर मागें उभा होता. तिनें त्याच्याकडे एकवार पाहिलें, चाकास लागलेलें गवत काठीनें पाडलें, आणि घराकडे वळली.