गेलचे बिऱ्हाडकरू

अँटवर्पहून निघालेली आगगाडी साधारण पाऊण तासात गेल या गावी येते. बेल्जियमच्या केम्पेन या सपाट, वालुकामय प्रदेशातले हे सुमारे चाळीस हजार वस्तीचे नगर. स्थानिक मंडळी त्याचा उच्चार घशातून, ‘खेल’ असा काहीसा करतात. प्रवाशाने मुद्दाम वाट वाकडी करावी असे वरवर पाहता येथे फार काही नाही. बाजारचौक आहे, सायकली आहेत, कॉफीची दुकाने आहेत. त्या दुकानांत बसलेल्यांपैकी मूळचा गावकरी कोण आणि ‘कोस्टगँगर’ कोण, हे मात्र परक्याला सांगता येत नाही. या शब्दाचा अर्थ पैसे देऊन कोणाच्या घरी राहणारा-जेवणारा माणूस. आपल्याकडचा ‘बिऱ्हाडकरू’ त्याच्या बराच जवळ येतो. गेलमध्ये तो दीर्घकाळ मानसिक आजार असलेल्या, परंतु परक्या कुटुंबात घरच्यासारख्या राहणाऱ्या व्यक्तीसाठी वापरतात. ‘रुग्ण’ हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही.

या प्रथेचे मूळ एका संत स्त्रीच्या आख्यायिकेत आहे. सातव्या शतकातील आयर्लंडची राजकन्या डिम्फना. आई वारल्यावर दुःखाने भ्रमिष्ट झालेल्या बापाने मुलीशीच विवाह करण्याचा हट्ट धरला. ती आपला धर्मगुरू गेरेबेर्नुस याच्यासह समुद्र ओलांडून गेलपर्यंत पळाली. बापाने माग काढला आणि तिचा शिरच्छेद केला. तेराव्या शतकात कांब्रे येथील पीटर नावाच्या धर्मगुरूने तोंडी परंपरेवरून हे चरित्र लिहिले. त्यात इतिहास किती, हा प्रश्न वेगळा. भाविकांच्या दृष्टीने अर्थ स्पष्ट होता : वेडाने ग्रासलेल्या माणसाच्या हातून जिचा अंत झाला, तीच वेडाने ग्रासलेल्यांची कैवारी ठरली.

तिच्या नावाचे विटांचे आणि दगडाचे भव्य चर्च १३४९ पासून उभे राहू लागले. त्याला लागूनच ‘आजाऱ्यांची खोली’ बांधलेली होती. दूरदूरच्या गावांतून आणलेले रुग्ण तेथे नऊ दिवस राहत. प्रार्थना, उपवास, समाधीखालून रांगत जाणे असा तो विधी होता. वेड म्हणजे सैतानाची बाधा, ही त्या काळची समजूत त्यामागे होती. नऊ दिवसांत बरा न झालेला रुग्ण पुन्हा थांबे. खोली भरून जाई. मग धर्मगुरू आसपासच्या शेतकऱ्यांना त्यांना घरी ठेवून घेण्यास सांगत. काही रुग्णांना न्यायला कोणी परत येतच नसे. समाधीजवळ जे घडले नसेल, ते मग शेतावरच्या त्या घरांत, वर्षानुवर्षांच्या सहवासात हळूहळू घडत गेले असे मला वाटते.

ख्रिस्ती परंपरेत मनोविकारासंबंधी दोन सूर नेहमीच ऐकू येतात. एक बाधा उतरवण्याचा, दुसरा आश्रय देण्याचा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात दोन्ही एकत्र आहेत. थडग्यांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा, दगडांनी स्वतःला जखमा करून घेणारा मनुष्य येशूच्या भेटीनंतर कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला दिसतो. प्रवचनांत बहुधा भुतांचाच भाग रंगवला जातो. पुढे तो मनुष्य येशूबरोबर येण्याची विनवणी करतो आणि येशू त्याला आपल्या माणसांकडे, घरी जायला सांगतो, याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. घरच्यांनी त्याला कसे स्वीकारले, हे मात्र तेथे सांगितलेले नाही.

गेलचे गोडवे गाताना काही गोष्टी विसरू नयेत. शेतकऱ्यांना राबणारे हात हवे होते आणि रुग्णाच्या निर्वाहाचे पैसेही मिळत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथेही काहींच्या पायांत बेड्या असत. १८५० च्या सुमारास बेल्जियम सरकारने व्यवस्था हाती घेतली, वैद्यकीय देखरेख सुरू झाली आणि पुढे रुग्णालय बांधले गेले. आज औषधे आहेत, नियमित घरी येणाऱ्या परिचारिका आहेत, प्रकृती बिघडल्यास रुग्णालयात खाट आहे. केवळ प्रेमाने स्किझोफ्रेनिया बरा होतो, असा दावा गेल करत नाही.

मग कुटुंब नेमके काय देते? एका अमेरिकी अभ्यासक स्त्रीने सांगितलेली गोष्ट बोलकी आहे. एक बिऱ्हाडकरू रोज आपल्या सदऱ्याची बटणे पिळून तोडत असे आणि घरची बाई रोज रात्री ती पुन्हा शिवत असे. मासेमारीच्या दोऱ्याने शिवा, म्हणजे तुटणार नाहीत, असे अभ्यासिकेने सुचवले. बाईंना ते मुळीच पटले नाही. त्याला बटणे पिळण्याची गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस गावात साडेतीन हजारांहून अधिक बिऱ्हाडकरू होते. आता त्या मानाने फार थोडे उरले आहेत. शेती आटली, स्त्रिया नोकरीला लागल्या, घरे लहान झाली. उपचारांचे इतर मार्गही खुले झाले, ही त्यातली चांगली बाजू. २०२३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची वारसा-जतनाचा आदर्श म्हणून नोंद केली. वारसा म्हणून गौरव होणे हे उतरणीचेही लक्षण असते.

आपल्याकडे श्रद्धास्थानी आणून सोडलेल्या मनोरुग्णांची कथा निराळी आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस जण होरपळून गेले. त्यानंतर आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यास बंदी केली आणि समाजात राहण्याचा हक्क दिला. परंतु माडीवरच्या किंवा मागच्या पडवीतल्या बंद खोलीतले काका अजून अनेक घरांत आहेत, आणि पाहुणे आले की त्यांचा विषय टाळला जातो. तमिळनाडूतच ‘द बॅनियन’ या संस्थेने ‘होम अगेन’ नावाने वेगळा प्रयोग केला आहे. रुग्णालयात वर्षे काढलेल्या चार-पाच जणी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात, सोबतीला एक मदतनीस असते. बाजारातून काय आणायचे आणि आज स्वयंपाकाला काय करायचे, हे त्या आपापसांत ठरवतात.